सर, तुम्ही कसे आहात?

एसटीत असाल, मेसच्या रांगेत असाल किंवा लाईट बंद करून हेडफोन लावून पडला असाल, जिथे असाल तिथे स्वागत. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे एपिसोड लिहून देतोय. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'तर मग' थोडे कमी केलेत, बाकी जसंच्या तसं.

आधीच एक सांगतो. आजच्या गोष्टीत आपल्या सगळ्यांच्या लाडक्या एका माणसाच्या आत्महत्येचा उल्लेख आहे. आज मन जड असेल तर हा एपिसोड नंतर वाचा. काही बिघडत नाही.

तर झालं असं. मागच्या दिवाळीत पुण्याहून घरी गेलो होतो, अकोल्याला. भाऊबीज झाली आणि परत निघालो, तेव्हा स्टँडवर माझे गणिताचे सर भेटले. नववी-दहावीला होते आम्हाला. मी आज कोड लिहून पोट भरतो, त्यात निम्मा वाटा त्यांचा. गाडीला वेळ होता म्हणून चहा घेतला.

"कसा आहेस?" सरांनी विचारलं. मी खरं ते सांगून टाकलं. गेल्या वर्षी माझी पार वाट लागली होती. लॅपटॉप उघडला की छातीत धडधड, रात्री तीनपर्यंत जागा, साधा मेल लिहायला दोन तास. शेवटी कंपनीच्या काउन्सेलरशी बोललो, पंधरा दिवस सुट्टी घेतली, थेरपी सुरू केली. आता बरा आहे.

सर ऐकत होते. मग म्हणाले, "तुमच्याकडे हे असं सांगता येतं?"

त्या प्रश्नाने मीच गडबडलो. म्हटलं, "सर, तुम्ही कसे आहात?" दहा-बारा वर्षांत मी हा प्रश्न त्यांना पहिल्यांदा विचारला होता.

"मला काय होतंय?" ते हसले. मग ग्लास खाली ठेवून म्हणाले, "झोप लागत नाही रे. दोन वर्षं झाली."

"कोणाला दाखवलं का?"

"दाखवायचं तर संगमनेर, नाहीतर नाशिक. आणि तिथं बाकड्यावर एखादा पालक शेजारी येऊन बसला म्हणजे? दुसऱ्या दिवशी गावभर. सरांच्या डोक्यावर परिणाम झालाय म्हणून."

गाडी लागली आणि बोलणं तिथेच तुटलं. नंतर फोन करून मी परवानगी मागितली, की हे एपिसोडमध्ये सांगू का? "नाव नको, शाळेचं पण नको," म्हणाले. म्हणून दोन्ही नाहीत.

पुण्याला येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता. माझ्यासारख्या सत्तावीस-अठ्ठावीसच्या पोराला 'मी थकलोय' म्हणता येतं. पंचवीस वर्षं पोरांपुढे उभ्या राहिलेल्या माणसाला ते का म्हणता येत नाही? आपला शो इतिहासाचा, त्यामुळे उत्तर मागे जाऊन शोधू.

कुरकुर न करणारी बाई

१८४८. पुण्यात भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले मुलींची शाळा सुरू करतात. पुढचं आपल्याला चौथीपासून पाठ आहे. सावित्रीबाई शाळेत जाताना लोक शेण-चिखल फेकायचे, म्हणून त्या सोबत जादा लुगडं ठेवायच्या. धैर्याची गोष्ट म्हणून आपण ती सांगतो, आणि ती आहेच. पण शाळेत पोचल्यावर लुगडं बदलून लगेच फळ्यापुढे उभं राहताना त्या बाईला काय वाटत असेल, हा प्रश्न आम्हाला वर्गात कधी विचारला गेला नाही.

त्याच सावित्रीबाईंचं १८५६ च्या ऑक्टोबरमधलं एक पत्र आहे. दीर्घ आजारातून उठण्यासाठी त्या माहेरी, नायगावला गेल्या होत्या. तिथून त्या जोतीरावांना लिहितात. अंथरुणातून उठलेल्या बाईला काळजी कसली? मी नाही म्हणून शाळेचं सगळं काम फातिमावर पडत असेल, याची. आणि फातिमा कुरकुर करणार नाही, याची त्यांना खात्री आहे.

मी हे वाचलं तेव्हा हसू आलं आणि लगेच घशात काहीतरी अडकलं. कारण आजही शिक्षक आजारी पडले की पहिलं वाक्य हेच असतं, "माझे तास कोण घेणार?" एक बाई आजारी असून अपराधी वाटून घेतेय, दुसरी कामाखाली दबून गप्प आहे. त्या शाळेच्या पहिल्या दहा वर्षांतच हे चित्र तयार आहे. चांगला शिक्षक म्हणजे कुरकुर न करणारा शिक्षक.

अमळनेर, १९२४

आता पुण्यातून खानदेशात जाऊ. तेव्हाचा पूर्व खानदेश, आजचा जळगाव जिल्हा, गाव अमळनेर. कोकणातल्या पालगडचा, २४ डिसेंबर १८९९ चा जन्म असलेला एक तरुण एम. ए. तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यासासाठी येतो आणि १९२४ मध्ये तिथल्या हायस्कुलात शिक्षक होतो. आज ती शाळा प्रताप हायस्कूल म्हणून ओळखली जाते. तरुणाचं नाव पांडुरंग सदाशिव साने.

लक्षात घ्या, साने गुरुजी हायस्कूलचे शिक्षक होते. आणि फक्त सहा वर्षं. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सविनय कायदेभंगात उतरले. पण 'गुरुजी' हा शब्द त्यांना जन्मभर चिकटला.

त्या सहा वर्षांत त्यांचं काम काय होतं? दिवसा वर्ग. संध्याकाळनंतर वसतिगृह. मुलांच्या खोल्या झाडणं, अंथरुणं घड्या करून ठेवणं, आजारी पोराच्या उशाशी बसणं. वर मुलांसाठी 'छात्रालय दैनिक', म्हणजे हाताने लिहिलेलं रोजचं वर्तमानपत्र. शिवाय 'विद्यार्थी' नावाचं मासिक. आमच्या भाषेत सांगायचं तर चोवीस तास ऑन-कॉल, तेही रोटेशन न लावता. आम्ही आठवडाभर ऑन-कॉल असलो तर पुढच्या आठवड्यात मॅनेजरशी भांडतो.

त्यांना हे कोणी करायला लावलं नव्हतं. प्रेमाने केलं. मुलं त्यांच्यावर जीव टाकायची. पुढे १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहून झाली. १९५३ मध्ये अत्र्यांनी तिचा सिनेमा केला आणि त्याला देशातलं पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून गुरुजी उपोषणाला बसले. १५ ऑगस्ट १९४८ ला त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केलं.

आणि ११ जून १९५० ला, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, त्यांनी आपलं जीवन संपवलं.

आमच्या वर्गात फळ्याच्या वर गुरुजींचा फोटो होता. २४ डिसेंबरला हार घालायचो, भाषणं व्हायची. मी स्वतः सहावीत केलं होतं, पाठ करून. त्या भाषणात आई होती, तुरुंग होता, उपोषण होतं आणि शेवटी 'त्यांचे निधन झाले' असं एक वाक्य होतं. निधन कसं झालं ते मला कॉलेजात कळलं. तेव्हा मला फसवल्यासारखं वाटलं होतं. आता वाटतं, की मोठ्यांकडे ते सांगायला शब्दच नसावेत.

इथे थोडं थांबतो. गेलेल्या माणसाच्या मनाचं निदान करायचा मला काही अधिकार नाही. शिक्षकी पेशामुळे असं झालं, असंही मी म्हणत नाही. नोकरी सोडून त्यांना वीस वर्षं झाली होती, आणि अशा गोष्टीमागे एकच कारण कधी नसतं. मला वेगळं दिसतं ते आपल्या वागण्यात. गुरुजींच्या दुःखाला आपण 'हळवेपणा' म्हटलं. हळवे होते, संत होते, फुलासारखे होते. म्हणजे दुःख हा त्यांचा स्वभावच ठरला. स्वभावावर कोणी औषध विचारत नाही. आणि त्याच माणसाचा फोटो आपण प्रत्येक वर्गात लावला आणि शिक्षकांना सांगितलं, असे व्हा. आईसारखं प्रेम करा, सगळं द्या. देऊन देऊन रिकामं झालं तर काय करायचं, याचा फोटो कुठे लावलेला नाही.

पुढे १९६२ पासून ५ सप्टेंबरचा शिक्षक दिन सुरू झाला. गुलाबाचं फूल, एक दिवस सातवीची पोरं सर बनणार. छान आहे, मला आवडायचं. पण पायरी उंच होत गेली आणि त्यावर उभ्या असलेल्या माणसाला खाली उतरायची सोय राहिली नाही.

फोटोच्या खालचा हिशोब

वर पूजा चालू होती तेव्हा खाली नोकरीचं काय चाललं होतं? हा भाग थोडा कागदी आहे, पण सोडू नका.

मॅट्रिक जाऊन एस. एस. सी. आली, पहिली परीक्षा १९४९ ला. १९७५ पासून ती अकरावीऐवजी दहावीला आली. तेव्हापासून हायस्कूलचा शिक्षक दरवर्षी एका आकड्यावर तोलला जातो, 'शाळेचा निकाल'. पोर नापास झालं तर पोराचं एक वर्ष जातं, सरांचं नाव मात्र गावात फिरतं.

खासगी शाळांत नोकरी संस्थाचालकांच्या मर्जीवर असायची. १९७७ मध्ये खासगी शाळा कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा झाला. काढून टाकलं तर शाळा न्यायाधिकरणात दाद मागता येऊ लागली. ही मोठी गोष्ट होती. निदान उद्या नोकरी आहे की नाही, ही भीती थोडी कमी झाली.

मग ती भीती दुसऱ्या दाराने परत आली. २००० पासून शिक्षण सेवक योजना. म्हणजे पात्रता पूर्ण, काम पूर्ण, पण पहिली तीन वर्षं पगाराऐवजी मानधन. माध्यमिकसाठी हे मानधन बरीच वर्षं महिना ८,००० रुपये होतं, जानेवारी २०२३ पासून ते १८,००० झालं. दुसरीकडे 'कायम विनाअनुदानित' शाळा. शाळा काढा, शिक्षक नेमा, सरकार पगाराला पैसे देणार नाही. २००९ मध्ये त्यातला 'कायम' हा शब्द काढला, आणि २०१६ मध्ये पात्र शाळांना २० टक्के अनुदानापासून सुरुवात झाली. मधल्या वर्षांत हजेरीपटावर सही करणारे कित्येक शिक्षक संध्याकाळी शेतात, दुकानात, शिकवण्यांत राबत होते. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली. त्यासाठी मार्च २०२३ मध्ये झालेला संप तुम्हाला आठवत असेल.

इथे माझी एक आठवण सांगतो. आठवीत एका सरांनी मला छडीने मारलं होतं. वही विसरलो म्हणून, हातावर वळ उठेपर्यंत. कित्येक वर्षं राग होता. परवा आमच्या गणिताच्या सरांकडून कळलं, त्या सरांना तेव्हा चार वर्षं पगार नव्हता आणि घरी दोन लहान मुलं होती. माझा राग त्याने संपला नाही. मुलांना मारायला बंदीच आहे, शिक्षण हक्क कायद्यात ते स्पष्ट लिहिलंय. पण तेव्हा मला वाटायचं की माझ्यातच काहीतरी खोट आहे. तसं नव्हतं. वरून आलेलं ओझं सरांच्या हातातून माझ्या हातावर उतरलं होतं. शिक्षकांचं मन हा फक्त शिक्षकांचा विषय का नाही, त्याचं माझ्यापुरतं उत्तर हे आहे.

आणि शिकवण्याबाहेरची कामं? शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ म्हणतं, शिक्षकांना बिगर-शैक्षणिक कामं देऊ नका. अपवाद तीन: दहा वर्षांची जनगणना, आपत्ती निवारण, निवडणुका. २०२० च्या कोरोनात शिक्षक कुठे चेकपोस्टवर होते, कुठे रेशन दुकानावर, कुठे घरोघरच्या सर्वेक्षणात. त्याच वेळी मोबाईलवर शिकवतही होते. आता त्यात १ सप्टेंबर २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. आठवीपर्यंत शिकवणाऱ्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ असलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायची. निकाल बरोबर की चूक, तो वेगळा एपिसोड. पण पंचेचाळिशीतला माणूस दिवसा शिकवतो आणि रात्री स्वतःच्या मुलीशेजारी बसून परीक्षेचा अभ्यास करतो, हे चित्र आज बऱ्याच घरांत आहे.

अकोल्याचा जुलै

हे सगळं अकोले तालुक्यात आणून ठेवा. कळसूबाई, भंडारदरा, रतनगड, तुम्ही इथे काजवे बघायला आणि धबधब्याच्या रीलसाठी येता. शिक्षक त्याच रस्त्याने रोज जातात. घाटघर, रतनवाडीकडचा पाऊस, धुकं, बाईक, बॅगेत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या उत्तरपत्रिका. वर्गात महादेव कोळी, ठाकर वाड्यांवरची पोरं. काहींचे आईबाप कामाला बाहेरगावी गेलेले. दिवाळीनंतर एक बाक रिकामा झाला की सर चौकशी करत वाडीवर जातात. कधी कळतं पोरगं कामाला गेलं, कधी कळतं पोरीचं लग्न ठरलं. आमचे सर म्हणाले, "गणित न येणारं पोर मला झोपू देतं रे. न येणारं पोर झोपू देत नाही." मला समजायला दोन सेकंद लागले. गणित न येणारं, आणि शाळेतच न येणारं.

शब्द कुठून आला

मी ज्याला बर्नआउट म्हणतो, तो शब्द १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने कामाच्या संदर्भात मांडला. कोणाबद्दल? आयटीवाल्यांबद्दल नाही. न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात दुसऱ्यांसाठी राबणाऱ्या लोकांबद्दल. १९८३ मध्ये आर्ली हॉकशील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी विमानातल्या हवाई सुंदरींचा अभ्यास करून 'भावनिक श्रम' ही कल्पना मांडली. आतून काही वाटो, चेहऱ्यावर ठरलेला भाव ठेवणं हेही काम आहे आणि त्यानेही माणूस थकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या यादीत बर्नआउटची तीन लक्षणं आहेत: शक्ती संपणं, कामाबद्दल तुटकपणा येणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. तिथे त्याला आजार म्हटलेलं नाही, कामामुळे घडणारी गोष्ट म्हटलंय.

म्हणजे हा शब्द मुळात शिक्षकांसारख्या माणसांसाठीच होता. तो आम्ही एअर कंडिशनमध्ये बसणाऱ्यांनी उचलला आणि त्यांच्याकडे 'हळवा' आणि 'डोक्यावर परिणाम' एवढेच दोन शब्द उरले. विधान परिषदेत शिक्षकांचे सात आमदार आहेत, आपला भाग नाशिक मतदारसंघात येतो. मोर्चात मी ऐकल्या त्या घोषणा पगाराच्या, अनुदानाच्या, पेन्शनच्या. त्या हव्याच. पगार वेळेवर येणं हा मनावरचा पहिला उपचार आहे. पण झोप न लागणं हीसुद्धा सेवेतली अडचण आहे, हे एकदा तरी कोणी माईकवर म्हणायला हवं.

मग आपण काय करायचं?

दोनच गोष्टी सांगतो. पहिली: टेली-मानस, नंबर १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. यात बाकड्यावर शेजारी कोणी पालक येऊन बसत नाही. शिक्षक असाल तर तुमच्यासाठी, नसाल तर तुमच्या सरांना-बाईंना पाठवण्यासाठी. मनात स्वतःला संपवण्याचे विचार येत असतील तर आत्ताच लावा. उद्यावर टाकू नका.

दुसरी: आपल्यातल्या बहुतेकांच्या व्हॉट्सॲपवर शाळेचा एक ग्रुप आहे, आणि त्यात एक सर किंवा बाई रोज सकाळी सुविचार टाकतात. उद्या त्याला अंगठा दाखवून पुढे जाऊ नका. फोन करा. विचारा, "सर, तुम्ही कसे आहात?" ते म्हणतील, मला काय होतंय. तेव्हा लगेच फोन ठेवू नका. थोडं थांबा.

मी नंबर पाठवल्यावर आमच्या सरांनी आठ दिवस काही उत्तर दिलं नाही. दोन निळ्या टिका, बस्स. मग एका रविवारी मेसेज आला: 'लावला होता. वीस मिनिटं बोललो. पोरीचा आवाज होता, आपल्या विद्यार्थिनीएवढी असेल. पुढच्या आठवड्यात नाशिकला जातोय.'

खाली अजून एक ओळ होती. 'तुझी झोप कशी आहे आता?'

शेवटी सरच ते. मी उत्तर दिलं, "बरी आहे सर. पण आज विचारायचा नंबर माझा होता."

भेटू पुढच्या एपिसोडला. काळजी घ्या.